पागनीसजींचा शक

पागनीसजी सियागंजात किराणा घ्यायला जाताना घरून एक रिकामा स्टीलचा डबा घेऊन जायचे. दुकानदाराने सामान तोलायला घेतलं की आधी हा डबा तराजूवर ठेवायला लावायचे आणि आकडा बघायचे. डब्याचं वजन त्यांना पाठ होतं. आकडा बरोबर आला तर डाळ, साखर, शेंगदाणे. नाही आला तर शेजारचं दुकान. दुकानदार चिडायचे. एकदा मी सोबत होते तेव्हा एक जण म्हणाला, "बाबूजी, तीन पीढ़ी से बैठे हैं यहाँ." पागनीसजी शांतपणे म्हणाले, "तराजू तो नया है ना?"

मुकुंद पागनीस आमच्या राजेंद्र नगरातले, दोन गल्ल्या सोडून राहणारे. पोलोग्राउंडच्या ज्या फाउंड्रीत मी ड्रॉइंगचं काम करायची, तिथलं कॉम्प्युटरचं सगळं काम ते बघत. त्यामुळे सकाळी त्यांच्याच स्कूटरवर मागे बसून मी कामाला जायची. त्या स्कूटरवर मी जेवढे शक ऐकले तेवढे एखाद्या ठाणेदारानेही ऐकले नसतील. पंपावर पेट्रोल भरणारा नेमका मशीनवर शून्य आलं की बोलायला का लागतो? "मेधा, तो बोलायला लागला की समज, तुझं लक्ष हटवून राहिलाय." डॉक्टर एकाच दुकानातून औषध घ्यायला का सांगतो? आंबा एवढा पिवळा कसा? संशय हा शब्द त्यांना पुस्तकी वाटायचा. ते शक म्हणायचे, आणि असं म्हणायचे की जणू घरातल्या कुणाचं नाव घेतायत. "मला शक येऊन राहिलाय," म्हणाले की मान थोडी तिरकी व्हायची, चष्मा नाकावर खाली यायचा आणि समोरचा माणूस उगाचच आपले खिसे चाचपायला लागायचा.

याला ते खानदानी गुण म्हणत. त्यांचे पूर्वज संस्थानच्या पागेत हिशेब ठेवणारे. "कोठारातून घोड्यांची चंदी किती निघाली आणि घोड्यांच्या पोटात किती गेली, त्यातला फरक पकडायचा, हे आमचं काम. मधल्यामध्ये खाणारे दोन पायांचे असतात." घोडे गेले, पागा गेली, संस्थान गेलं. फरक पकडायची नजर तेवढी वाटणीला आली होती.

आमच्या फाउंड्रीत पंपांच्या बॉडी ओतल्या जात. वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतलं की ते सगळीकडे सारखं थंड होत नाही. जिथे उशिरा थंड होतं तिथे आत पोकळी राहते. ती बाहेरून दिसत नाही, आणि पंप चालू झाला की माल तिथेच तडकतो. म्हणून साचा बनवायच्या आधी कॉम्प्युटरवरच धातू ओतून बघायचा आणि पोकळी कुठे राहील ते गणिताने काढायचं, अशी सोय आमचे मालक भंडारीजींनी आणली. ऑफिसातल्या मशीनला या एका गणिताला सबंध दिवस लागायचा. तेच इंटरनेटवरून भाड्याने घेतलेल्या मोठ्या मशीनवर, म्हणजे क्लाउडवर, जेवणाच्या सुट्टीत आटपायचं. आणि असं गणित आम्हाला आठवड्यातून दोन-तीनदाच लागायचं. एवढ्याशा कामासाठी कुठली मशीन, कुठल्या करारावर घ्यायची, हा प्रश्न भंडारीजींनी पागनीसजींवर सोपवला.

क्लाउड विकणारा एक एजंट आला. टाय लावून, हसत. वर्षभराचा करार केला तर अर्ध्याहून जास्त सवलत, आणि सुरुवातीला काही काम अगदी फुकट. भंडारीजी खूश. "ले लो पागनीसजी, फोकट में कौन देता है!"

"तेच तर विचारून राहिलोय," पागनीसजी म्हणाले. "फोकट में कौन देता है?"

एजंट हसायचा थांबला. पागनीसजींनी त्याला एकच गोष्ट विचारली: ही सवलत मशीन चालू ठेवण्यावर आहे की काम करण्यावर? एजंटाने फिरवून फिरवून उत्तर दिलं. शेवटी निघालं ते असं की वर्षभर मशीन आपल्या नावावर राहणार, आपण तिच्यावर काम करा किंवा करू नका.

तो गेल्यावर पागनीसजींनी भंडारीजींना त्यांच्याच भाषेत समजावलं. "समजा, सियागंजातून दोन पोती महूला न्यायचीत. एक तर स्वतःचा ट्रक घ्या. नाही तर सालभरासाठी ट्रक ठरवा, स्वस्त पडेल, पण रोज माल पाहिजे. नाही तर लागेल तेव्हा भाड्याने घ्या. आणि चौथा रस्ता, रिकामा परत जाणारा ट्रक पकडा. सगळ्यात सस्ता. फक्त त्याच्या मालकाचा फोन आला की तो तुमची पोती रस्त्यात उतरवून चालला जाणार. क्लाउडवाल्यांकडे पण अशा खाली बसलेल्या मशिनी असतात. सस्त्यात देतात, आणि दुसरं गिऱ्हाईक आलं की मधेच काढून घेतात."

"तो फिर?" भंडारीजी म्हणाले.

"आपलं काम छोटं आहे. पोती रस्त्यात पडली तरी उचलून दुसऱ्या ट्रकमध्ये टाकता येतील. चौथा रस्ता घ्या. पार्टी घाई करत असेल तेव्हा तिसरा. सालभराचा करार बिलकुल नाही."

त्यानंतर काही दिवस ते मशिनी पारखत बसले. एकच गणित लहान मशीनवर चालवलं, मधल्या मशीनवर चालवलं, सगळ्यात मोठ्या मशीनवर चालवलं. लहान मशीनचं तासाचं भाडं कमी, पण ती इतकी रेंगाळायची की शेवटी महागच पडायची. मोठीचं भाडं दुप्पट आणि काम मधलीपेक्षा जरासंच लवकर. मधली ठरली. प्रत्येक मशीनला नाव द्यावं लागे. इतर लोक नंबर देतात, पागनीसजी घोड्यांच्या रंग-खुणांची नावं देत. पंचकल्याणी, अबलख, कुमैत. आम्ही हसायचो. ते हसत नसत.

कॉम्प्युटरच्या खोलीत आम्ही चौघं. पागनीसजी, मी, भंडारीजींचा पुतण्या अंकुर, जो नुकताच एमबीए करून आला होता आणि कामापेक्षा फोनवर जास्त असायचा, आणि वैशाली सोनोने. वैशाली महूची. आजोबा पलटणीत होते, वडील लष्कराच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. रोज सकाळच्या बसने यायची, आणि बस कितीही भरलेली असो, केसांचा चापसुद्धा हललेला नसायचा. बोलायची कमी. पण पागनीसजींना जे फक्त सुचायचं ते करून दाखवणारी तीच. भाड्याची मशीन जागी होऊन तिच्यावर सॉफ्टवेअर चढेपर्यंतही मीटर चालू असतो, हे पागनीसजींनी हेरलं. सॉफ्टवेअर आधीच चढवून तयार ठेवलेली मशीनची प्रत बनवली वैशालीने. गणित संपलं की मशीन स्वतःच बंद व्हावी, हे लिहिलं वैशालीने. त्यानंतर रोज पागनीसजी ती बंद झाली की नाही ते स्वतः जाऊन बघायचे.

"सर, ती बंदच होते," वैशाली म्हणायची.

"होत असेल. बघायला काय जातंय?"

ती खांदे उडवायची. तिला राग येत नसे, किंवा आला तरी दिसत नसे.

त्या दोघांचं जोडकाम सगळ्यात नीट मी पाहिलं ते एका मोठ्या पंपाच्या वेळी. कुठल्याशा गावच्या पाणीपुरवठ्याची ऑर्डर होती, पार्टी रोज फोन करत होती. दुपारी गणिताचं चित्र पडद्यावर आलं. एकदम स्वच्छ. पोकळी दाखवणारा लाल रंग कुठेही नाही. अंकुरने तिथूनच भंडारीजींना फोन लावला, "चाचाजी, हो गया." खाली साचा बनवणाऱ्यांनी वाळू मळायला घेतली.

पागनीसजी पडद्यासमोर उभे. मान तिरकी.

"एवढं सुंदर?" ते म्हणाले. "माझ्या लग्नाचा फोटोसुद्धा एवढा सुंदर नाही आला. वैशाली, बघ बरं जरा."

वैशालीने आतल्या नोंदी उघडल्या. थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, "सर, मशीन मधेच काढून घेतलीय. धातू अजून पातळ आहे. थंड व्हायचाच आहे, तर पोकळी दिसणार कुठून?"

अर्ध्या गणिताचं चित्र सॉफ्टवेअरने पूर्ण असल्यासारखं काढून दाखवलं होतं. पागनीसजी चपलांवरच धावत खाली गेले आणि काम थांबवलं. पुन्हा गणित केलं तेव्हा पंपाच्या गळ्यापाशी चांगला आवळ्याएवढा लाल डाग आला. त्या आठवड्यात वैशालीने नवीन बंदोबस्त केला: गणिताने थोड्या थोड्या वेळाने आपली प्रगती बाजूला साठवत जायची, मशीन गेली तर दुसऱ्या मशीनवर तिथूनच पुढे सुरू करायचं, आणि धातू पूर्ण थंड झाल्याशिवाय चित्रच काढायचं नाही. पागनीसजींनी तिला ऑफिसात सगळ्यांसमोर कचोरी मागवून खिलवली. "माझ्या शकाला हिने हातपाय दिले," ते म्हणाले. वैशाली पहिल्यांदा मोकळी हसली.

त्याच सुमारास तिने एक सुचवलं होतं. क्लाउडचं खातं एकच होतं आणि त्याचा पासवर्ड आम्हा चौघांना माहीत होता. "सर, प्रत्येकाचं वेगळं लॉगिन करू या. कोण काय करतं ते कळेल." पागनीसजी म्हणाले, "चार किल्ल्या म्हणजे चार चोर. एक आहे ते ठीक आहे." ती गोष्ट तिथेच राहिली.

मग बिल आलं. क्लाउडचं बिल त्या एजंटमार्फतच यायचं, एका ओळीत, फक्त बेरीज. या वेळची बेरीज बघून भंडारीजी वर आले. असे ते कधी येत नसत.

"पागनीसजी, आप तो बोले थे सबसे सस्ता रास्ता?"

पागनीसजींचा चेहरा उतरला. त्यांच्या हयातीत त्यांना कुणी फरक दाखवला नव्हता. दाखवायचं काम त्यांचं. एजंटकडून तपशील मागवावा, तर त्या माणसाच्या कागदावर त्यांचा विश्वास नाही. त्यांनी स्वतः पडदा उघडून बघितलं. मुंबईच्या केंद्रात, जिथे आमचं काम चालायचं, एकही मशीन चालू नव्हती. सगळं बंद, सगळं साफ. म्हणजे, त्यांनी हिशेब लावला, कुणीतरी मशीन घेतं, आपलं काम करतं आणि पुसून टाकतं.

त्या दिवसापासून खोलीतली हवा बदलली. पागनीसजी आमच्या पाठीमागून जाताना पावलं सावकाश टाकू लागले. चहा घेऊन आले की कप ठेवता ठेवता पडद्यावर नजर. अंकुर पडद्यावर क्रिकेट बघत असायचा, ते त्यांना दिसूनही दिसायचं नाही. स्कूटरवर एकदा त्यांनी विचारलं, "वैशालीचा तो कसला कोर्स चाललाय?" मी म्हटलं, मशीन लर्निंगचा आहे, शनिवारी असतो. "त्याला मोठ्या मशिनी लागत असतील नाही?" ते म्हणाले.

दोन दिवसांनी वैशालीने खातं उघडायला घेतलं तर पासवर्ड चालेना. तिला वाटलं काही बिघाड आहे. तिने पागनीसजींना विचारलं. ते खुर्चीत नीट बसले.

"बदललाय मी."

"का सर?"

"बिल वाढलंय. कुणीतरी आपल्या खात्यावर बाहेरचं काम करून राहिलंय. तुला काही सांगायचंय का?"

अंकुरने फोन खाली ठेवला. वैशाली उभीच होती.

"मला विचारताय की सगळ्यांना?" तिने विचारलं.

"तुला विचारतोय."

"पासवर्ड चौघांकडे होता, सर."

"काम तुला येतं."

"मेधाताईंना विचारलं? अंकुरजींना विचारलं?"

पागनीसजींनी चष्मा काढून हातात घेतला.

"मग मलाच का?"

तिने आवाज चढवला नव्हता. मला वाटतं चढवला असता तर त्यांना सोपं गेलं असतं. ते चष्मा पुसत राहिले. मी म्हणाले, "पागनीसजी, आधी नीट बघू तरी," तर त्यांनी हातानेच मला थांबवलं. वैशालीने गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं, डब्याची पिशवी उचलली आणि गेली. दार तिने हळूच लावलं.

काही दिवसांनी कुठल्याशा कंपनीतून फोन आला. वैशालीने तिथे नोकरीसाठी अर्ज दिला होता आणि ते जुन्या ठिकाणी चौकशी करत होते. पागनीसजी फोनवर म्हणाले, "काम अच्छा था. बाकी मैं कुछ नहीं कहूँगा." त्या एका 'बाकी'ने काय केलं असेल ते मला तिथे बसल्या बसल्या कळलं. ती नोकरी तिला मिळाली नाही. फोनवर तिने मला सांगितलं तेव्हा एवढंच म्हणाली, "ताई, ते काही वाईट बोलले नसतील, मला माहीत आहे. बोललेच नसतील."

पुढचं बिल आलं. वैशाली नव्हती, तिच्याकडे पासवर्ड नव्हता, आणि बेरीज मागच्या वेळेपेक्षा चढती होती.

भंडारीजी दारातच उभे राहिले. "अब किसको निकालें, पागनीसजी?"

पागनीसजी त्या दिवशी जेवले नाहीत. दुपारभर पडद्यासमोर बसले होते. क्लाउडवाल्यांची केंद्रं जगभर असतात, आणि त्यांच्या पडद्यावर एका वेळी एकाच केंद्रातल्या मशिनी दिसतात. आम्ही नेहमी मुंबईचंच बघायचो. पागनीसजींनी एकेक केंद्र उघडायला घेतलं. हे रिकामं, ते रिकामं. आणि मग सातासमुद्रापलीकडच्या एका केंद्रात एक मशीन दिसली. मोठी, पूर्ण भाड्याची, न थांबता चालू असलेली, आणि काहीही काम न करणारी. तिचं नाव होतं अबलख.

मी मागेच उभी होते. ते नाव मी वाचलं आणि त्यांनीही वाचलं. त्या नावाची मशीन या जगात दुसरं कोण घेणार?

हळूहळू त्यांना आठवलं. एके दिवशी त्यांना शक आला होता की मुंबईचे दर आपल्याला मुद्दाम चढवून सांगतात. म्हणून तुलनेसाठी त्यांनी दूरच्या केंद्रात एक मशीन स्वतःच्या हाताने सुरू केली. तेवढ्यात वीज गेली, खालून कुणीतरी हाक मारली, ते उठले. वैशालीने लिहिलेला बंद करायचा बंदोबस्त या मशीनवर नव्हता, कारण ही त्यांनी कुणालाच न सांगता घेतली होती. शकाची चाचणी शकातच राहिली.

मशीन बंद करायलाही ते विसरले. मी माउस घेऊन बंद केली.

हे दडवता आलं असतं. मशीन बंद झालीच होती, पुढच्या महिन्यात बिल आपोआप उतरलं असतं. हे मी त्यांच्या बाजूने लिहून ठेवते, कारण त्यांच्या विरुद्ध लिहिण्यासारखं पुष्कळ लिहिलंय. ते जिना उतरले आणि भट्टीपाशी, कामगार उभे होते तिथेच, भंडारीजींना म्हणाले, "मशीन मेरी थी. मैंने चालू की, मैं भूल गया. वैशाली का कुछ नहीं था." भट्टीच्या आवाजात भंडारीजींना ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं, मोठ्याने.

रविवारी ते आमच्या दारात आले. "महूला येशील का सोबत? मला एकट्याला दार उघडतील की नाही, शक आहे." या वेळी शब्द तोच होता, पण मान तिरकी नव्हती.

दार वैशालीच्या वडिलांनी उघडलं. ताठ माणूस, घरातही शर्ट खोचलेला. पुढच्या खोलीत बुद्धांची मूर्ती, त्याखाली आजोबांचा पलटणीतला फोटो, कपाटभर पुस्तकं. "बसा," ते म्हणाले. पाणी आलं. वैशाली आतून आली आणि वडिलांच्या खुर्चीमागे उभी राहिली.

पागनीसजींनी सगळं सांगितलं, काही न वगळता. मशीन, दूरचं केंद्र, अबलख, वीज. फोनवर त्या कंपनीला काय म्हणाले तेही सांगितलं. मग म्हणाले, "माझी चूक झाली. मी माफी मागायला आलोय."

वैशालीने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "सर, ती मशीन सापडली नसती तर?"

"म्हणजे?"

"तर तुम्ही आला असता का?"

पागनीसजींनी हातातला ग्लास खाली ठेवला. कुणीही म्हणालं असतं, हो, आलो असतो, मन खातच होतं. ते म्हणाले, "नाही."

"मग ही माफी मशीन सापडल्याची आहे," वैशाली म्हणाली. "खोलीत चौघं होतो, सर. तुमचा शक जगावर असतो, मला माहीत आहे. पेट्रोलवाल्यावर, डॉक्टरवर, सगळ्यांवर. पण त्या दिवशी तो अंकुरजींना ओलांडून, मेधाताईंना ओलांडून बरोबर माझ्यापाशी येऊन थांबला. तो का?"

तिच्या वडिलांनी मागे वळून तिच्याकडे बघितलं, पण तिला थांबवलं नाही.

"ते मी स्वतःलाच विचारून राहिलोय," पागनीसजी म्हणाले. "उत्तर येतं. चांगलं येत नाही."

"ते उत्तर मला माहीत आहे," तिचे वडील पहिल्यांदा बोलले. आवाज अगदी साधा. "वर्कशॉपमध्ये काही हरवलं की माझी पेटी पण पहिली उघडायचे. चहा घेणार?"

आम्ही चहा घेतला. त्याची चव मला आठवत नाही. निघताना पागनीसजींनी वैशालीला परत यायला सांगितलं. भंडारीजींचा निरोप होता, पगार वाढवून. ती म्हणाली, "नको सर." त्यात राग नव्हता, विचार करायला जागाही नव्हती.

सोमवारी पागनीसजींनी सुट्टी टाकली आणि त्या कंपनीत गेले. फोन केला नाही, कारण फोनवर बोललेल्याचं काय होतं ते त्यांनी पाहिलं होतं. बाहेर बाकावर बसून राहिले. आत बोलावल्यावर तिथल्या साहेबांना म्हणाले की मागे मी जे बोललो नाही ते आता बोलायला आलोय. त्या माणसाने विचारलं, एवढ्यासाठी तुम्ही स्वतः आलात, तुमचा हिच्याशी काय संबंध? शक त्यालाही आला असणार. पागनीसजी म्हणाले, "मैंने उस पर इल्ज़ाम लगाया था. झूठा था." हे मला वैशालीकडून कळलं, त्यांच्याकडून नाही. तिला तिथे जागा मिळाली. पुढे ती बरीच वर चढली. मला दिवाळीला फोन करते. पागनीसजींना तिने कधी केला नाही, आणि मी कधी सुचवलं नाही.

फाउंड्रीत वेगवेगळी लॉगिनं झाली. खर्च ठरलेल्या रकमेपलीकडे गेला की सगळ्यांना एकदम मेसेज जाईल अशी सोय झाली, सगळी केंद्रं एकत्र दाखवणारी यादी झाली. वैशालीच्या जागी आलेल्या नव्या माणसाला पागनीसजींनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "माझ्या मशिनी आधी तपासायच्या, मग बाकीच्यांच्या." तो लाजायचा. ते पाठीमागे उभे राहून करून घ्यायचे.

त्यांचा स्वभाव बदलला असं मी म्हणणार नाही. शक तसाच होता, पेट्रोलवाल्यावर, आंब्यावर, माझ्या मोबाइलच्या कंपनीवर. पण मधेच, वाक्याच्या अर्ध्यात, ते थांबायचे. कुणाचं नाव जिभेवर आलं की गिळायचे. स्कूटरवर मागे बसून मला त्यांचा चेहरा दिसत नसे, मान दिसायची. ती अर्धवट तिरकी होऊन पुन्हा सरळ व्हायची. कधी कधी मलाच वाटायचं, हे खरं आहे की मला दाखवायला चाललंय? इतकी वर्षं त्यांच्या मागे बसून थोडा शक माझ्याही अंगात उतरला होता.

ते रिटायर झाले त्या संध्याकाळची गोष्ट. भंडारीजींनी शाल दिली, श्रीफळ दिलं, मिठाईचा पुडा दिला. भाषणं झाली. शिफ्ट सुटायची वेळ होती. आमच्या फाटकावर कामगारांच्या रांगेत दरवान प्रत्येकाची पिशवी उघडून बघतो, आत भंगार किंवा पितळ नाही ना म्हणून. ऑफिसातले लोक बाजूच्या छोट्या दारातून जातात. त्यांच्या पिशव्या कुणी बघत नाही. मी त्या छोट्या दाराशी पोहोचले आणि मागे वळून बघितलं, तर पागनीसजी रांगेत उभे. पुढे दोन भट्टीवाले, मागे वाळू चाळणारा. खांद्यावर नवी शाल.

त्यांची पाळी आली तसा दरवान गडबडला. "अरे साहब, आप इधर कैसे? जाइए, जाइए."

पागनीसजींनी बॅग टेबलावर ठेवली आणि चेन उघडली. "देख लो."

"आपका क्या देखना साहब!"

"जिसका देखने का मन नहीं करता ना भिया," पागनीसजी म्हणाले, "उसका पहले देखा करो."

दरवानाने ओशाळून वरवर आत डोकावलं. चष्म्याचं घर, मफलर, मिठाईचा पुडा. त्याने हात मागे घेतला. रांग थांबली होती, मागचे माना उंच करून बघत होते. पागनीसजींनी बॅगेचं तोंड दोन्ही हातांनी आणखी फाकलं आणि ती तशीच धरून उभे राहिले.

"नीचे तक," ते म्हणाले.

दरवानाने माझ्याकडे बघितलं. मग त्याने कोपरापर्यंत हात आत घातला.